वाचकांचे प्रश्न: मोठं एरोबॅटिक आरसी विमान जोडताना

यावेळचे बहुतेक प्रश्न एकाच विषयावर आलेत, मोठ्या स्केलचं रेडिओ कंट्रोल एरोबॅटिक विमान. म्हणजे एक्स्ट्रा, एज, याक, सुखोई, स्लिक अशा खऱ्या विमानांवरून केलेली, अडीच मीटरच्या आसपास पंख असलेली पेट्रोल इंजिनची मॉडेलं, आणि ती बॉक्समधून काढून उडण्यालायक करेपर्यंतचं सगळं काम. म्हणून हा आख्खा कॉलम त्यालाच दिलाय. प्रश्न लांब होते ते कापलेत, मुद्दा तसाच ठेवलाय.

प्रश्न: बरीच वर्षं दीड मीटरपर्यंतची फोमची आणि बाल्साची विमानं उडवतोय. आता 35 टक्के एक्स्ट्राचं एआरएफ (जवळपास तयार, फक्त जोडायचं राहिलेलं) किट घेतलंय, कव्हरिंग (लाकडावरची रंगीत फिल्म) वगैरे सगळं होऊन आलंय. मॅन्युअल थेट एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) चिकटवण्यापासून सुरू होतं. तिथूनच सुरू करू का?

नको. गोंदाची बाटली बाजूला ठेवा आणि पहिला दिवस नुसतं बघण्यात घालवा. 35 टक्के म्हणजे खऱ्या विमानाच्या मापांच्या 35 टक्के, खऱ्या एक्स्ट्रा 330 एससीचा विंगस्पॅन 7.5 मीटर आहे म्हणून तुमचं मॉडेल 2.6 मीटरच्या आसपास भरेल आणि इंजिन, सर्व्हो (एलरॉन वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरी), बॅटऱ्या धरून वजन साधारण 12 किलोपर्यंत जाईल. तुमचं जुनं विमान दीड किलोचं आणि ताशी 50 किमीचं धरा, हे 12 किलोचं आणि ताशी 100 किमी धरा, म्हणजे वजन आठपट, वेग दुप्पट, आणि अंगातली एनर्जी 32 पट. लहान विमानात एखादा अर्धवट चिकटलेला जोड वर्षभर खपून जातो, इथे तो पहिल्याच स्नॅप रोलला (झटक्यात मारलेल्या गिरकीला) उघडतो.

आता बघायचं काय. एआरएफमध्ये लेझरने कापलेले बाल्सा-प्लायचे तुकडे एकमेकांत अडकवून वरून गोंद सोडलेला असतो, तो कुठे आत पोचतो कुठे पोचत नाही. छोटा टॉर्च आणि आरसा घ्या आणि फ्युजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, आत जा. चार जागा सोडायच्या नाहीत: फायरवॉल (इंजिन ज्यावर बसतं ती पुढची भिंत), लँडिंग गिअरची प्लेट, विंगचे बोल्ट आणि विंग फिरू न देणाऱ्या अँटी-रोटेशन पिना जिथे बसतात ते प्लायचे तुकडे, आणि सर्व्हो ज्यावर स्क्रू होतात त्या पट्ट्या. अंगठ्याने दाबा, हलकं पिळून बघा, कुरकुर आवाज आला की तो जोड सुटा आहे असंच समजा. बारीक जोडांना पातळ सीए (झटपट चिकटणारा सुपरग्लू) पुरतो, तो आपोआप आत झिरपतो. पण फायरवॉल आणि गिअर प्लेटला 30 मिनिटवाला इपॉक्सी आणि कोपऱ्यात त्रिकोणी बाल्साची पट्टी द्या, कारण तिथे दणके बसतात आणि सीए दणक्याला कडक पडून तडकतो. इपॉक्सी मात्र ओतत सुटू नका, पातळ थर पुरे, शेपटीकडे घातलेला प्रत्येक ग्रॅम नंतर नाकात वजन टाकायला लावतो.

मग सगळं कोरडं जोडून बघा. विंग ट्यूब स्लीव्हमध्ये शेवटपर्यंत जाते का, दोन्ही विंगची मुळं फ्युजलाजला फट न ठेवता टेकतात का, मागे उभं राहून बघितलं तर स्टॅब (शेपटीचा आडवा पंख) आणि विंग समांतर दिसतात का. शेपटीच्या मध्यापासून दोन्ही विंगटिपपर्यंत न ताणणाऱ्या दोऱ्याने अंतर मोजा, ते सारखं आलं पाहिजे. काही वाकडं असेल तर विक्रेत्याला सांगायची हीच वेळ आहे, एकदा गोंद लागला की किट तुमचं झालं.

प्रश्न: बॉक्स उघडला तेव्हा कव्हरिंग कडक होतं, दोन-तीन दिवसांत विंगवर सुरकुत्या आल्या. किट खराब आहे का?

खराब नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं-सोडतं आणि फिल्म ढिली पडते, सगळ्या एआरएफला होतं. फक्त क्रम पाळा: आधी इस्त्री कमी तापमानावर ठेवून सगळ्या कडा, रंगांचे जोड आणि रिबवरची फिल्म दाबून चिकटवून घ्या आणि मगच मधल्या मोकळ्या भागाला गरम करून ताणा. लोक थेट हीट गन मारतात, मग रंगांचे जोड सरकतात आणि कडा सुटतात. विंगच्या पुढच्या कडेवरचे जोड दोनदा दाबा, उडताना हवा तिथूनच आत शिरते आणि फिल्म सोलून काढते.

प्रश्न: हिंज (एलरॉनचे बिजागर) कशाने चिकटवू? सीए, इपॉक्सी की फुगणारा पॉलियुरेथेन गोंद, प्रत्येक जण वेगळं सांगतो. आणि हिंजची फट सील करणं खरंच गरजेचं आहे की नुसती हौस?

या साइजच्या किटमध्ये सहसा गोल खुंटीसारखे, मधे पिन असलेले पॉइंट हिंज येतात, तुमच्यातही तेच असणार असं धरून लिहितो. त्यांना इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन, दोन्ही चालतात, मी 30 मिनिटवाला इपॉक्सी सांगेन कारण तो फुगत नाही. पॉलियुरेथेन वाळताना फेस धरतो आणि तो फेस हिंजच्या सांध्यात घुसला की एलरॉन जड फिरतं.

पण खरं सांगायचं तर गोंद कुठला यापेक्षा हिंज बसलाय कसा याला जास्त महत्त्व आहे. आधी सगळे हिंज कोरडे घाला. पिनचा अक्ष एलरॉनच्या पुढच्या धारेच्या बरोबर मध्यात आला पाहिजे आणि सगळ्या हिंजच्या पिना एका सरळ रेषेत, एखादी जरी वर-खाली असेल तर एलरॉन फिरताना अडतं आणि तो अडथळा सर्व्हो आयुष्यभर ढकलत बसतो. हिंजचा सांधा लाकडात थोडा आत गेला पाहिजे म्हणून भोकाचं तोंड कटरने किंवा मोठ्या ड्रिल बिटने हाताने फिरवून जरा रुंद करा, मशीन लावू नका. एलरॉन वर-खाली पूर्ण 45 अंश जातंय आणि फट कागदाएवढीच राहतेय असं दिसलं की मग गोंद.

हिंज बाहेर काढा, खुंटीला पॉलिश पेपरने खरखरीत करा. सांध्यावर टूथपिकने व्हॅसलीनचा छोटासा ठिपका लावा आणि हिंज दोन-चारदा उघडमीट करा म्हणजे ते पिनपर्यंत जातं, मात्र खुंटीवर व्हॅसलीनचं बोटसुद्धा लागता कामा नये, लागलं तर गोंद धरणारच नाही. इपॉक्सी भोकात टूथपिकने फिरवून सगळीकडे लावा, थोडा खुंटीवर, आणि हिंज ढकला. बाहेर आलेला गोंद लगेच अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा. आधी विंगची बाजू पूर्ण वाळू द्या, मग एलरॉनची, दोन्ही एकदम करायला गेलात की हात कमी पडतात. वाळत असताना अधूनमधून एलरॉन दोन्हीकडे पूर्ण फिरवत राहा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक हिंजजवळ एलरॉन धरून चांगलं जोरात ओढा. घाबरू नका, निघायचं असेल तर टेबलावर निघू दे.

आणि हो, सील करणं गरजेचं आहे, हौस अजिबात नाही. फटीतून हवा खालून वर जाते, एलरॉनचा जोर कमी होतो, दोन्ही विंगच्या फटी सारख्या नसल्या तर विमान एका बाजूला ओढतं आणि सगळ्यात वाईट म्हणजे फ्लटरला आमंत्रण मिळतं. फ्लटर म्हणजे एलरॉन किंवा एलेव्हेटर (स्टॅबची मागची हलणारी पट्टी) हवेत आपोआप थरथरायला लागतं, ती थरथर स्वतःलाच वाढवत नेते आणि सेकंदाभरात हिंज, हॉर्न (सर्व्होचा दांडा ज्याला जोडतात तो एलरॉनवरचा कान), कधीकधी आख्खा पृष्ठभाग उखडून जातो. पारदर्शक कव्हरिंगची पट्टी घ्या, एलरॉन पूर्ण वर करून ठेवा आणि खालच्या बाजूने फटीवर चिकटवा, म्हणजे वर-खाली दोन्ही हालचाल मोकळी राहते. एलेव्हेटर आणि रडरलाही (उभ्या शेपटीची हलणारी पट्टी) करा, रडरचं लोक विसरतात. उडताना कधी अचानक भुंग्यासारखा घरघर आवाज आला तर लगेच थ्रॉटल बंद, नाक थोडं वर, वेग कमी करून खाली, आणि कारण सापडेपर्यंत परत उडवायचं नाही.

प्रश्न: सर मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एलरॉनला 40 किलो-सेंटीमीटरचा सर्व्हो लावलाय, आर्म (सर्व्होवरचा हात) सगळ्यात लांब लावला म्हणजे थ्रो (एलरॉनची वर-खाली हालचाल) भरपूर मिळेल, आणि ट्रान्समिटरमधे ट्रॅव्हल (सर्व्हो किती फिरेल ते) 55 टक्क्यांवर आणलं. मित्र म्हणतो चुकीचं आहे. कोण बरोबर?

मित्र बरोबर आहे, आणि तू इंजिनीअरिंगला आहेस म्हणून आकड्यातच बघू. 40 किलो-सेंटीमीटर म्हणजे अक्षापासून 1 सेंटीमीटरवर 40 किलोचा जोर. आर्म 4 सेंटीमीटरचा असेल तर पुशरॉडला (आर्म आणि हॉर्न जोडणाऱ्या दांड्याला) 10 किलो मिळतात, आर्म अडीचचा असेल तर 16 किलो. आर्म लांब घेऊन ट्रॅव्हल निम्म्यावर आणलंस म्हणजे सर्व्होच्या हालचालीचा निम्मा भाग वापरतच नाहीस, निम्मी बारकाई गेली, जोर गेला, आणि गिअरमधला सर्व्होचा स्वतःचा प्ले (ढिलेपणा) एलरॉनवर जास्त मोठा होऊन दिसायला लागला. एवढे पैसे देऊन घेतलेला सर्व्हो अर्ध्या ताकदीवर चालवल्यासारखं झालं.

पद्धत उलटी आहे: आधी यांत्रिक जुळणी, रेडिओ शेवटी. तुला जास्तीत जास्त किती अंश थ्रो हवा ते ठरव, मग ट्रॅव्हल 100 ते 120 टक्क्यांवर ठेवून तेवढाच थ्रो मिळेल असा आर्म आणि हॉर्नची उंची निवड. साधारण 3डी (जवळजवळ हवेत लटकून केलेल्या कसरती) उडवायचं असेल तर आर्म आणि हॉर्न जवळपास सारखे, नुसतं अचूक एरोबॅटिक्स म्हणजे आयमॅक स्पर्धांसारखं उडवायचं असेल तर आर्म हॉर्नपेक्षा बराच लहान चालतो आणि त्यात जोर आणि बारकाई दोन्ही जास्त.

पुढची गोष्ट काटकोन. स्टिक मध्यावर असताना सर्व्होचा आर्म पुशरॉडला 90 अंशात हवा, आणि हॉर्नचं भोक बरोबर हिंजच्या पिनच्या रेषेवर हवं. हॉर्न मागे सरकलेलं असेल तर एलरॉन वर जास्त आणि खाली कमी जातं, मग लोक रेडिओत मिक्स टाकून ते झाकतात, झाकू नकोस, हॉर्न हलव. आर्म दातांवर नीट काटकोनात बसत नसेल तर एक दात पुढे-मागे करून बघ, उरलेलं एक-दोन अंश सब-ट्रिमने (रेडिओतून मध्य सरकवून), त्याहून जास्त सब-ट्रिम लागत असेल तर आर्म परत काढ.

बॉल लिंक प्लास्टिकचे स्वस्तातले नकोत, आत धातूचा गोळा असलेले मोठे घे, बोल्ट आरपार आणि पलीकडे नायलॉनवाला लॉक नट. पुशरॉड शक्यतो दोन्ही टोकांना उलट-सुलट आटे असलेला टायटॅनियमचा टर्नबकल घे, लिंक न काढता लांबी कमी-जास्त होते. हॉर्न फायबरग्लासचे असतील तर खाचेच्या आतली फिल्म काढून, हॉर्नला पॉलिश पेपर मारून इपॉक्सी कर, फिल्मवर चिकटवलेलं हॉर्न म्हणजे फिल्मलाच चिकटवलेलं असतं.

सगळं झाल्यावर सर्व्होला पॉवर दे, आर्म जागेवर धरून राहील, आणि एलरॉनची मागची धार दोन बोटांत धरून वर-खाली हलव. हॉर्नपाशी अर्धा मिलीमीटर प्ले असला आणि हॉर्न हिंजपासून 4 सेंटीमीटर, मागची धार 16 सेंटीमीटर, तर धारेला तो 2 मिलीमीटर होऊन दिसतो. 2 मिलीमीटर खूप झाला, कुठून येतोय ते शोध: बॉल लिंक, आर्मचा स्क्रू, सर्व्होचे माउंटिंग स्क्रू की सर्व्होचे गिअर. या एका तपासणीला मी जोडणीतल्या इतर कशाहीपेक्षा जास्त मानतो.

प्रश्न: एका एलरॉनवर दोन सर्व्हो आहेत. दोन्ही जोडल्यावर सतत गुणगुणतात आणि गरम होतात, स्टिकला हात न लावता.

ते दोघं एकमेकांशी भांडतायत. एक म्हणतो एलरॉन इथे, दुसरा म्हणतो अर्धा अंश तिथे, आणि दोघंही पूर्ण ताकद लावतात. असं उडवू नका, बॅटरी रिकामी होते आणि गिअर जातात.

एका सर्व्होचा पुशरॉड जोडा आणि दुसऱ्याचा सुटा ठेवा. स्टिक मध्यावर असताना दुसऱ्या पुशरॉडचं भोक हॉर्नच्या भोकासमोर बरोबर आलं पाहिजे, बोल्ट नुसता सोडला की आपल्या वजनाने आत गेला पाहिजे. नसेल तर पुशरॉडची लांबी फिरवून आणा. मग स्टिक पूर्ण वर आणि पूर्ण खाली, तिथेही बोल्ट तसाच सहज गेला पाहिजे, नसेल तर त्या सर्व्होचा एंड पॉइंट (रेडिओतली टोकाची मर्यादा) बदला. त्यासाठी दोन्ही सर्व्हो वेगळ्या चॅनलवर हवेत किंवा मधे मॅचिंग करणारं युनिट किंवा प्रोग्राम होणारे सर्व्हो हवेत. दोन्हीचे आर्म एकाच लांबीचे आणि एकमेकांना समांतर नसतील तर मध्य जुळेल आणि टोकं कधीच जुळणार नाहीत, हे आधी बघा. शेवटी बॅटरीच्या वायरमधे करंट मीटर लावा. भांडण मिटलं की मीटर खाली येऊन शांत राहतो, आणि मधे कुठे अडत असेल तर स्टिक हळू फिरवताना बरोबर त्याच जागी आकडा उसळी मारतो. कानापेक्षा मीटरवर विश्वास ठेवा, डिजिटल सर्व्हो थोडं गुणगुणतातच.

प्रश्न: रडरला केबलची पुल-पुल सिस्टिम (दोन्ही बाजूंनी एकेक ओढणारी केबल) ठेवू की शेपटीत सर्व्हो बसवून पुशरॉड?

सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) बघून ठरवा, तुमचं इंजिन जड असेल तर सर्व्हो शेपटीत, हलकं असेल तर पुल-पुल, कारण पुल-पुलमधे सर्व्होचं वजन विंगच्या जवळ येतं. पुल-पुल घेतलीत तर हॉर्न हिंजच्या रेषेवरच ठेवा, दोन्ही भोकांमधलं अंतर सर्व्होच्या आर्मवर आणि रडरवर सारखं ठेवा, म्हणजे वळल्यावर एक केबल ढिली आणि दुसरी तट्ट असं होत नाही. केबल फ्युजलाजमधे एकमेकींना ओलांडून न्याव्या लागतात, तिथे घासत नाहीत ना बघा. आणि खूप घट्ट करू नका, गिटारची तार केलीत तर सर्व्होचं बेअरिंग जातं. काही उड्डाणांनंतर केबल थोडी ताणते, तेव्हा परत घट्ट करावीच लागते.

प्रश्न: मोठ्या विमानाला दोन बॅटऱ्या, दोन स्विच, दोन रिसीव्हर असं सगळं डबल लागतं असं सांगतात. एक चांगली मोठी बॅटरी पुरणार नाही?

करंटला पुरेल हो, पण एका वायरच्या सोल्डरवर, एका स्विचवर, एका कनेक्टरवर 12 किलोचं विमान लटकवायचं का हा प्रश्न आहे. दोन बॅटऱ्या, प्रत्येकीला स्वतःचा स्विच, आणि रिसीव्हरमधे किंवा पॉवर डिस्ट्रिब्युशन बोर्डमधे वेगवेगळ्या जागी जोडायच्या. एक मेली तर दुसरीवर विमान उतरलं पाहिजे, हे टेबलावर करूनच बघा: एक स्विच बंद करा, सगळे सर्व्हो जोरात हलवा, मग दुसरा.

कुठल्या बॅटऱ्या म्हणाल तर सर्व्हो हाय व्होल्टेज असतील तर दोन सेलची लि-आयन किंवा लिपो थेट, ती पूर्ण चार्ज झाली की 8.4 व्होल्ट असते. सर्व्हो 6 व्होल्टचे असतील तर मधे चांगला रेग्युलेटर हवाच. लायफे (लिथियम-आयर्न फॉस्फेट) बॅटऱ्या दोन सेलच्या 6.6 व्होल्टच्या, त्या बऱ्याच टिकाऊ असतात पण एक गोष्ट लक्षात ठेवा, त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे मीटर लावून किती उरलीय ते कळत नाही. त्यांचा हिशोब चार्जरवर ठेवायचा. सुरुवातीच्या प्रत्येक उड्डाणानंतर परत किती एमएएच (चार्जचं माप) भरले ते वहीत लिहा, त्यावरून एका चार्जमधे किती उड्डाणं ते ठरवा आणि निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. एक्स्टेंशनच्या वायरी जाड घ्या आणि प्रत्येक कनेक्टरला लॉक क्लिप लावा, नुसत्या घर्षणावर सोडू नका, पेट्रोल इंजिनची थरथर सगळं सोडवते.

रिसीव्हरच्या अँटेनाचं टोक, म्हणजे शेवटचा वेष्टन काढलेला भाग, 2.4 गिगाहर्ट्झला जेमतेम 31 मिलीमीटरचा असतो आणि तोच काम करतो. दोन टोकं एकमेकांना काटकोनात ठेवा, सरळ ठेवा, आणि कार्बनच्या ट्यूबपासून, कॅनिस्टरपासून (धातूचा डब्यासारखा मफलर), बॅटरीपासून लांब. इग्निशन मॉड्युल आणि त्याच्या वायरी रिसीव्हरपासून किमान 30 सेंटीमीटर. आणि रेंज चेक इंजिन बंद असताना एकदा आणि इंजिन चालू असताना एकदा, दोन्हीत फरक पडत असेल तर इग्निशनचा आवाज रेडिओत घुसतोय, ते मिटल्याशिवाय उडवायचं नाही. याच कारणासाठी थ्रॉटलचा पुशरॉड कार्ब्युरेटरपाशी धातूला धातू लागू देऊ नका, प्लास्टिकचा बॉल लिंक घाला. फेलसेफला (सिग्नल तुटल्यावर आपोआप येणारी स्थिती) थ्रॉटल आयडलवर किंवा बंद, आणि ट्रान्समिटर बंद करून ते खरंच तसं होतं का बघा.

प्रश्न: काका, 100 सीसी ट्विन जमिनीवर मस्त चालतं, वर गेल्यावर तीन-चार मिनिटांत सरळ उभं चढताना दमतं आणि आरपीएम पडतात. कार्ब्युरेटर बदलू?

कार्ब्युरेटरला बिचाऱ्याला इतक्यात दोष देऊ नको, आधी काउलिंग (इंजिनवरचं झाकण) काढ. इंजिन तापल्यावर दमतंय असं तुझ्या वर्णनावरून दिसतं. काउलिंगच्या पुढून हवा येते पण हवा आळशी असते, सिलिंडरच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून निघून जाते आणि फिन (सिलिंडर थंड करणाऱ्या कडा) कोरडेच राहतात. पातळ प्लाय किंवा बाल्साचे बॅफल लाव, म्हणजे दोन्ही सिलिंडरच्या भोवती अशी भिंत की आत आलेल्या हवेला फिनमधूनच जावं लागेल, सिलिंडर आणि बॅफलमधे काही मिलीमीटरची फट, बाकी सगळं बंद. आणि बाहेर जायची वाट मोठी हवी, आत यायच्या भोकापेक्षा तिप्पट क्षेत्रफळ असं धर, कारण गरम हवा फुगते आणि बाहेर पडता आली नाही तर आत नवी येतच नाही. खूप जण पुढचं भोक मोठं करतात, त्याने उलट बिघडतं.

त्यानंतर हाय नीडल (फुल थ्रॉटलला किती पेट्रोल जाईल ते ठरवणारा स्क्रू). फुल थ्रॉटलवर सरळ वर चढताना आवाज बारीक होत आरपीएम पडत असेल तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे, नीडल अगदी थोडी, तासाच्या काट्याच्या एक-दोन खुणांएवढी उघड आणि परत बघ. शंका असेल तेव्हा रिचकडे (पेट्रोल जास्त) राहा, लीन चालवलेलं इंजिन पिस्टन घासून घेतं. ऑइल इंजिनच्या मॅन्युअलप्रमाणेच. 32 ला 1 सांगितलं असेल तर लिटरला 31 मिली. आणि टाकीतला क्लंक (नळीच्या टोकाचं वजन), व्हेंट (हवेची नळी) आणि नळीला चीर नाही ना हेही त्याच बैठकीत बघून टाक. फेल्टवाला क्लंक घे, हवेचे बुडबुडे कमी येतात.

प्रश्न: माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, बाबांबरोबर मोठं विमान जोडतोय. इंजिन हाताने फिरवून सुरू करायचं म्हणतो. मला त्या पंख्याची फार भीती वाटते. अवाजवी आहे का?

ताई, भीती अगदी रास्त आहे. 27 इंची प्रॉप 6500 आरपीएमला फिरतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी 800 किमीच्या वर असतो, तो बोटाला लागला तर बोट राहत नाही. पण नियम पाळून हजारो लोक हे सुरक्षित करतात, म्हणून थांबवू नका, नियम घरात पक्के करून घ्या.

प्रॉप दिसला की इग्निशन चालू आहे असंच समजून हात लावायचा. इग्निशनला स्वतंत्र किल स्विच, ट्रान्समिटरवरून बंद होणारा, आणि तो काम करतो हे रोज पहिल्यांदा तपासायचं. सुरू करताना एक जण शेपटी किंवा स्टॅबच्या पुढे फ्युजलाज घट्ट धरून, विमान दोरीने खुंटीला बांधलेलं असेल तर आणखी चांगलं. हातात जाड चामड्याचा ग्लोव्ह, ढगळ बाही नाही, गळ्यात लॅनयार्ड लोंबकळत नाही. चोक (कार्ब्युरेटरची हवा अडवणारी झडप) बंद करून, थ्रॉटल आयडलच्या जरा वर ठेवून, प्रॉप चापट मारल्यासारखा फिरवून हात लगेच बाहेर. इंजिन फट् करून बोललं की चोक उघडून परत. सुरू झालं की प्रॉपच्या रेषेत, म्हणजे बाजूने, कोणी उभं राहायचं नाही, तुकडा उडाला तर त्याच रेषेत जातो. नीडल फिरवायची तर मागून हात घालून, पुढून कधीच नाही. आणि सोळा वर्षांच्या मुलाने पहिले काही महिने शेपटी धरायचं काम करावं, फिरवायचं काम बाबांनी. त्याला ते आवडणार नाही, तरी हेच ठरवा.

प्रॉपचे बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करायचे. लाकडी प्रॉप असेल तर पहिल्यांदा चालवल्यावर परत घट्ट करायचे, लाकूड दबतं. तडा गेलेला, टोक टवका उडालेला प्रॉप चिकटवून वापरायचा नाही, मोडून टाकायचा म्हणजे दुसरं कोणी उचलून लावणार नाही.

प्रश्न: सीजी मॅन्युअलने दोन सेंटीमीटरची रेंज दिलीय. नक्की कुठे ठेवू? आणि थ्रो, एक्स्पो (मध्याजवळ स्टिक मऊ करणारी सेटिंग) किती?

पहिल्या उड्डाणाला रेंजच्या पुढच्या बाजूला, टाकी रिकामी ठेवून, कॅनोपी-स्पिनरसकट सगळं बसवून. या मॉडेलांमधे सीजी सहसा विंग ट्यूबच्या आसपासच असतो, म्हणून दोन जणांनी ट्यूबजवळ बोटांवर उचलून बघता येतं. सीजी आणायला शिसं टाकायच्या आधी बॅटऱ्या हलवा, त्या इग्निशनजवळ पुढे नेल्या किंवा ट्यूबमागे नेल्या तरी भरपूर फरक पडतो. टाकी जेवढी ट्यूबच्या जवळ तेवढा उड्डाणात सीजी कमी हलतो.

मग हवेत बघायचं: विमान 45 अंशात वर चढवा, उलटं करा, एलेव्हेटर सोडा. जमिनीकडे झुकायला लागलं तर नाक जड आहे, स्वतःहून वर वळायला लागलं तर शेपूट जड, सरळ रेषेत काही वेळ गेलं तर छान. मला स्वतःला अगदी किंचित झुकणारं आवडतं, पॉइंट रोल (मधे मधे थांबत मारलेले रोल) त्यात स्थिर राहतात.

थ्रोचे आकडे मॅन्युअलचेच घ्या, साधारण म्हणून सांगतो: एलेव्हेटर लो रेटला (कमी थ्रोच्या सेटिंगला) 12 ते 15 अंश आणि एक्स्पो 15-20 टक्के, 3डी रेटला 45 च्या आसपास आणि एक्स्पो 50-60. डोळ्याने मोजू नका, अंश दाखवणारं छोटं मीटर मिळतं ते चिकटवून मोजा, दोन्ही एलेव्हेटर सारखे जातात हे मधल्या दोन-तीन जागीही बघा. आणि टेकऑफ-लँडिंग लो रेटला. हाय रेट पहिल्यांदा वर, उंचीवर, स्विच दाबून बघायचा आणि स्टिक हळू.

प्रश्न: पहिली काही उड्डाणं नीट झाली. आता किती वेळाने काय उघडून बघायचं?

पहिल्या उड्डाणानंतर लगेच, मैदानातच काउलिंग काढा. इंजिनचे माउंटिंग बोल्ट, मफलर किंवा हेडरचे बोल्ट, प्रॉपचे बोल्ट, कार्ब्युरेटरचे स्क्रू, नळ्या. मफलरचे बोल्ट सगळ्यात आधी ढिले होतात कारण ते तापतात आणि थंड होतात, तिथे साधं थ्रेडलॉक (आटे पकडून ठेवणारा गोंद) टिकत नाही, जास्त तापमानाचं किंवा लॉकिंग वॉशर घ्या. बाकी धातूत धातू जिथे आहे तिथे निळं थ्रेडलॉक. लाकडात जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉक लावायचं नसतं, तिथे भोकात पातळ सीए सोडून वाळवून मग स्क्रू.

पुढची पाच-सहा उड्डाणं प्रत्येक वेळी हेच, शिवाय लँडिंग गिअरची प्लेट, विंगचे बोल्ट, कॅनोपीचे स्क्रू आणि प्रत्येक बॉल लिंक बोटांनी हलवून. नंतर काहीच ढिलं सापडत नाही असं झालं की दिवसातून एकदा पुरे. एक सोपी सोय करा, बोल्टच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ जुळत नसेल तर बोल्ट फिरलाय हे लांबूनच दिसतं. तो तसाच आवळून सोडू नका, पूर्ण काढा, आटे अल्कोहोलने साफ करा, नवीन थ्रेडलॉक लावा, नवीन रेघ ओढा, आणि एक रात्र वाळू द्या.